बिपिनचा डावा हात

"डोळे मिटा म्हटलं ना! नलूताई, बोटांच्या फटीतून बघू नका. मतदान आहे हे, लपाछपी नाही!"

बिपिन ओरडत होता आणि नलूताई हसत होत्या. नगरच्या एका मंगल कार्यालयामागची भांड्यांची खोली. त्या रविवारी लग्नाची तिथी नव्हती, म्हणून तालमीला ती आमच्या ऑर्केस्ट्राला मिळाली होती. एका भिंतीला फळ्यांवर पराती, ताटं आणि हंडे, दुसऱ्या भिंतीला आमचे स्पीकरचे खोके. बिपिन कीबोर्डवर, हनीफभाई ढोलकीवर, नलूताई माइकसमोर. आमचे मालक तात्या खामकर एका पालथ्या पातेल्यावर बसलेले. चौघांनी डोळे मिटले होते. मी कोपऱ्यात उभा होतो आणि माझ्यासमोर दोन खुर्च्यांवर दोन बास गिटारी ठेवलेल्या होत्या.

मी शांतवन साळवे. बास वाजवायला चर्चमध्ये शिकलो, भाकरी मात्र हळदीत आणि जत्रेत मिळवली. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाला बसून ती घुमत असते. लोक गायकाकडे बघतात, ढोलकीवर नाचतात, आणि कडेला उभा राहून मान हलवणारा हा माणूस नक्की काय करतो, ते कुणालाच सांगता येत नाही. लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी पहिला कार्यक्रम बघितला आणि रूथला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं होतं, "जावई कधी वाजवणार गं?"

ऑर्केस्ट्राचा बास तात्यांच्या मालकीचा होता. त्याचा दांडा वाकला. वरच्या पट्टीत तार दाबली की सूर भलतीकडेच जायचा. तात्यांनी बिपिनला सांगितलं, तू डाव्या हाताने खालचे सूर धरत जा, सोबतीला. कीबोर्डवर बासचा आवाज असतोच. बिपिनचा उजवा हात गाणं वाजवायचा, डावा माझं काम करायचा. सोबतीला म्हणून आलेला पाहुणा हळूहळू स्वयंपाकघरात शिरतो, तसं ते झालं. एक दिवस तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"शांत्या, नवा बास मी घेणार नाही. तुझा तू आण. आणि आणलास, तरी त्यानं फरक पडलेला मला ऐकू आला पाहिजे. नाहीतर रामनवमीपासून बिपिनचा डावा हात आहेच."

तात्या गोड बोलून पोटात दुसरं ठेवणारे नव्हते. जे असेल ते तोंडावर. म्हणजे त्या रविवारी ठरणार होतं ते हे, की मी ऑर्केस्ट्रात राहतो की जातो. दुसरं काही मला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करावं असं कधी वाटलंही नव्हतं.

पुण्यातला एक दुकानदार हनीफभाईंच्या ओळखीचा होता. त्यांच्या शब्दावर त्याने दोन बास रविवारपुरते दिले होते. एक स्वस्तातला. लालभडक, हलका, रंग असा चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. खुंट्या जरा सैल, तारा दांड्यापासून उंच, बोटं दुखवणाऱ्या. दुसरा जपानी. काळपट लाकडाचा, खांद्याला चांगला वजनदार. दांड्यावरून हात फिरवला तर पट्टीची एकही कडा बोटाला लागत नव्हती. दोघांच्या किमतीतल्या फरकात एक बऱ्यापैकी म्हैस आली असती. रूथ मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिने सोसायटीतून कर्ज काढायची तयारी दाखवली होती. एवढंच म्हणाली होती, "स्वस्त आणून रडायचं नाही आणि महाग आणून मिरवायचं नाही. वाजव म्हणजे झालं."

तर अशी ती परीक्षा. कुठला बास आधी वाजवतोय ते मी सांगायचं नाही. लहू आमचा साउंडवाला, सगळ्या वाद्यांच्या वायरी जिथे येतात त्या मिक्सरवर बसणारा. त्याला सगळं दिसत होतं म्हणून त्याला मत नव्हतं.

"लहू, लाइन दे," बासची वायर त्याच्याकडे टाकत मी म्हणालो.

"दिली."

आधी लाल घेतला. एक ठसक्याची लावणी धरली. ढोलकी गरजली, नलूताईंनी आवाज टाकला, मी डोळे मिटून वाजवत राहिलो. मग काळा घेतला. तो गळ्यात अडकवताना खुर्ची करकरली. पुन्हा तीच लावणी. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या! तार छातीपोटाला लागून अशी थरथरत होती की वाटलं, हे वाद्य नाही, जनावर आहे.

गाणं संपलं. नलूताईंनी डोळे उघडायच्या आधीच तोंड उघडलं.

"दुसरा! अगं बाई, काय तो आवाज! पहिला म्हणजे नुसता पत्र्याचा डबा."

"दुसऱ्यात दम आहे," हनीफभाई म्हणाले. "माझा हात आपोआप बसला त्याच्यावर. बेटा, हाच घे."

"उबदार आहे एकदम," बिपिन म्हणाला. "पहिला कोरडा होता. दुसरा कसा, साजूक तुपातला."

मी तात्यांकडे बघितलं. ते अजून डोळे मिटूनच बसले होते. मग उघडले आणि गुडघ्यावरची धूळ झटकली.

"मला काही फरक वाटला नाही."

"काय तात्या!" नलूताई उसळल्या. "कान धुऊन या जरा."

"नाही वाटला, तर काय खोटं सांगू? दोन्ही सारखेच."

"पैसे शांतवन घालणार आहे, तुम्ही नाही," नलूताई म्हणाल्या. "मग ऐकायला का एवढी कंजुषी?"

सगळे हसले. तात्या नाही हसले. माझं तर डोकंच फिरलं. वाटलं, यांनी आधीच ठरवलंय. सोन्याचा बास आणला असता तरी यांना पितळच ऐकू आलं असतं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण हनीफभाई मध्ये पडले.

"तात्या, तीन माणसं एक सांगतात आणि तुम्ही एकटे दुसरं. पंचांचं तरी ऐकाल की नाही?"

तात्यांनी एकेकाकडे बघितलं. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. बोहल्यावरून उठून जाणाऱ्या नवरदेवाला खांद्याला धरून खाली बसवणारा हा माणूस.

"बरं," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना आलाय ऐकू, म्हणजे असेल. राहू दे शांत्या. घे तुला हवा तो." आणि ते बाहेर निघून गेले.

नलूताईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. बिपिन म्हणाला, "पार्टी पाहिजे," आणि तिघं चहाला बाहेर गेले. मी जिंकलो होतो. मी खुर्चीवर बसलो आणि मनात रूथला सांगूनही टाकलं.

मग वायरी गुंडाळायला उठलो. आमच्यात पद्धत अशी, की ज्याचं वाद्य त्याने आपली वायर स्वतः गुंडाळायची. बासची वायर मिक्सरपर्यंत गेली होती. ओढायला वाकलो, तर लहू एकदम पुढे आला.

"राहू दे, मी काढतो."

"का रे?"

"काढतो म्हटलं ना."

त्याचा चेहरा उतरला होता. मी मिक्सरकडे बघितलं. ओळीने वायरी खोचलेल्या. ढोलकीची, दोन्ही माइकची, कीबोर्डची. माझी त्या ओळीत नव्हती. ती पार कडेच्या भोकात होती. त्या भोकाच्या वर लहूनेच कधीतरी खडूने फुली मारलेली. ते भोक मेलेलं होतं, तिथून आवाज जायचाच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"लहू, हे काय आहे?"

"आईची शपथ, मुद्दाम नाही रे केलं!" लहू जवळजवळ रडवेला झाला. "हाताला सवय झाली. जुना बास घूंऽऽ करत राहायचा. तात्या माझ्यावर खेकसायचे, आवाज काढ तो, आवाज काढ. मग मी दिवाळीपासून तुझी लाइन या मेलेल्या भोकातच घालतो. घूं बंद, तात्या गप. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आज नवीन आहे ते ध्यानातच राहिलं नाही, हात आपला नेहमीच्या जागी गेला."

"दिवाळीपासून?"

"बिपिन वाजवायचाच ना खालचं. कुणाला कळलं नाही."

कुणाला कळलं नाही. मलासुद्धा! हेच तर मेलं दुखणं होतं. तार पोटाला लागून थरथरते, कीबोर्डचा खोका पायाशी घुमतो, आणि कान म्हणतो, वा, मीच वाजवतोय. दिवाळीपासून किती हळदी झाल्या, किती वाढदिवस, पाथर्डीकडच्या दोन जत्रा. एका हळदीत नवऱ्याच्या मामाने स्टेजवर चढून माझ्या गळ्यात हार घातला होता, "बास लई भारी वाजिवला पाव्हणं" म्हणून. तो हार मी घरी नेऊन खिडकीला लावला होता. आणि आत्ता ज्या काळ्या बासने माझ्या अंगावर काटा आणला, त्याचा आवाज या खोलीत कुणी ऐकलाच नव्हता. मी नाही, बिपिनच्या साजूक तुपाने नाही. दोन्ही वेळा वाजला तो बिपिनचा डावा हात.

"शांत्या," लहू कुजबुजला, "जाऊ दे. तात्या हो म्हणालेत. बुधवारी रामनवमीच्या कार्यक्रमाला मी तुझी लाइन नीट लावतो. कुणाला काय कळतंय?"

त्यानं खरं तेच सांगितलं होतं. कुणाला काही कळलं नसतं. मी काळा बास घेतला असता, बुधवारी चांगल्या भोकात लावला असता, आणि विषय संपला असता. उलट तात्यांना खरं सांगितलं असतं तर? तात्या म्हणाले असते, बघ, तू नसलास तरी चालतं, हे तू स्वतःच सिद्ध केलंस. मला बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडावंसं वाटलं. मी बाहेर गेलो खरा, पण भिंतीपर्यंत पोचलो नाही. नळाजवळ तात्या उभे होते, चहाचा पेला हातात, चहा तसाच.

"तात्या, एक विचारू? तुम्हाला खरंच फरक वाटला नव्हता?"

"आता काय त्याचं? ठरलं ना?" मग जरा थांबून म्हणाले, "नव्हता बाबा. उगाच तुला अडवायचं म्हणून नाही बोललो. पण नलूला आला, हनीफला आला. तो बिपिन पोरगा आहे, त्यालाही आला." त्यांनी पेला नळाच्या कट्ट्यावर ठेवला. "माझा बाप साठीत ठार बहिरा झाला होता. मला वाटतं, आमच्या घराण्याचं आलं माझ्या वाट्याला. ऑर्केस्ट्राचा मालक आणि कान गेलेला! कुणाला सांगू नको एवढ्यात."

 थोड्या वेळापूर्वी या माणसाला मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या! आणि सगळ्या खोलीत ऐकत होता तो हा एकटाच. बाकी तिघांच्या कौतुकाने त्याला स्वतःचे कान खोटे वाटायला लागले होते.

"तात्या, तुमचे कान शाबूत आहेत," मी म्हणालो. "माझी लाइनच नव्हती लागलेली. दोन्ही वेळा. मेलेल्या भोकात होती."

लहूचं नाव मी घेतलं नाही. पण मिक्सरवर दुसरं कोण बसतं, ते काय तात्यांना सांगायला हवं होतं?

 तात्यांनी डाव्या कानाला हात लावला, उजव्या कानाला लावला आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. पाठीवर हात फिरवावा लागला मला. डोळे पुसत म्हणाले, "साजूक तूप! अरे देवा. साजूक तूप!" मग हसणं थांबलं.

"आणि हे तू मला सांगतोस? तुझं काम झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग?"

"मला कुठे ऐकू आलं होतं, तात्या? मलासुद्धा नाही आलं."

 तात्यांनी पेल्यातला गार चहा मोरीत ओतला आणि खोलीच्या दारातून हाक मारली, "या रे सगळे आत! पुन्हा!"

सगळ्यांना कळल्यावर एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले. नलूताई पदराशी चाळा करत राहिल्या. हनीफभाईंनी "तौबा तौबा" करत स्वतःच्या कानाला हात लावले. बिपिन म्हणाला, "अरे हो की! माझा डावा हात चालूच होता," आणि त्या हाताकडे असा बघायला लागला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. लहूला तात्या काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाले, "ह्या वेळी डोळे उघडे ठेवा सगळ्यांनी. बिपिन, डावा हात खाली. शांत्या, लाव."

लहूने माझी वायर चांगल्या भोकात घातली. मी लाल बास घेतला आणि पहिली तार छेडली. फळीवरच्या ताटांच्या चळती एकदम खडखडल्या! नलूताई दचकून किंचाळल्या. लहूने धावत जाऊन ताटांवर गोणपाट टाकलं. आणि मी, तुम्हाला हसू येईल, मी घाबरलो. इतक्या दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला होता.

लावणी सुरू झाली. लाल बास छान वाजला. ऐसपैस, गोलमटोल. एका सुराच्या कडा दुसऱ्या सुरात मिसळत होत्या. कुठे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी तो सगळं सांभाळून नेत होता. गाणं संपलं तेव्हा तात्यांनी मान हलवली. "बरा आहे. आता तो."

काळा घेतला. त्याचा पहिला सूर आला. प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ, सुरू कुठे झाला आणि संपला कुठे, तेही ऐकू येणारा. ध्रुपद झालं. अंतऱ्याकडे वळताना एक अवघड जागा आहे. तिथे बासने ढोलकीच्या आधी पाय टाकायचा असतो. मी उशिरा टाकला. थोडासाच, पण या बासने तो उशीर सगळ्यांपुढे मांडून ठेवला. दिवाळीपासून त्या जागेवर बिपिनचा डावा हात आधी जायचा आणि मी त्याच्या मागे जात होतो. हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. इतकी लाज वाटली की माझा हात तारांवरून उचललाच गेला.

आणि गाणं थांबलं.

हनीफभाईंची थाप हवेतच राहिली. नलूताईंची ओळ अर्ध्यावर तुटली. बिपिनचा उजवा हात दोन सूर पुढे गेला आणि त्याला कुणी सोबत नाही असं बघून थांबला. चौघं माझ्या हाताकडे बघत होते. मी काय बघत होतो, कुणास ठाऊक. दिवाळीपासून मी केव्हाही हात उचलला असता, स्टेजवरून उतरून चहा पिऊन आलो असतो, तरी गाणं आपलं चालत राहिलं असतं. आज मी थांबलो आणि सगळेच थांबले. 

"चुकलास," तात्या म्हणाले.

"हो."

"लाल्यातही चुकला असशील. त्यात कळलं नाही. पोटात घातलं त्याने." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुझ्या भल्याचं सांगतो शांत्या, लाल घे. स्वस्तही आहे. हा काळा तुला माफ करायचा नाही."

"नको तात्या. हाच घेतो."

"अरे, रोज चुकशील, चार लोकांत!"

"चुकीन. पण तुम्हाला ऐकू तर येईल."

तात्या काहीतरी बोलणार होते, पण नलूताईंचा धीर सुटला. माइक हातात घट्ट धरून त्या माझ्यावर डाफरल्या.

"काय घ्यायचंय ते घ्या रे नंतर! आधी वाजव की, मेल्या! मी काय हवेत गाऊ?"

मी पुन्हा त्याच अवघड जागेपासून वाजवायला लागलो.